डिझेल नेमकं कुठं अडलं? टाकीपासून नोझलपर्यंतचा घरगुती तपास

गाडी सकाळी सुरू होईना किंवा घाटात दम टाकायला लागली, की आपल्याकडं पहिला बळी पंपाचा जातो. पंप उतरवायचा, नोझल काढायचे, गोणीत घालायचे आणि बीडला नाहीतर जालन्याला पंपवाल्याच्या दुकानात नेऊन टाकायचे. गाडी उभी, भाडं बुडालेलं, खिशातून काही हजार गेलेले, आणि पंप बसवल्यावर परत पहिले पाढे पंचावन्न. कारण दोष टाकीच्या बुडाशी असतो, नाहीतर क्लिपखाली चिरलेल्या रबरी पाइपात.

मी एसटीत मेकॅनिक होतो. बहुतेक नोकरी बीड जिल्ह्यातल्या डेपोंत झाली, आता गेवराईत असतो आणि आजूबाजूच्या पोरांचे पिकअप, ४०७, ट्रॅक्टर बघून देतो. सगळ्यांना एकच सांगतो, की डिझेल ज्या वाटेनं इंजिनात येतं त्याच वाटेनं तपास करत या. टाकी, टाकीतली जाळी, पाइप, फीड पंप (टाकीतून डिझेल ओढून पुढं देणारा छोटा पंप), फिल्टर, त्यानंतर पंप (डिझेल जोरात दाबून नोझलकडं ढकलणारा मुख्य पंप) आणि सगळ्यात शेवटी नोझल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारा). फिल्टरपर्यंतच्या कामाला रिंग पान्यांचा सेट, एक काचेची बाटली आणि हातभर पारदर्शक पाइप एवढं बास होतं. पंप आणि नोझलला मात्र टेस्टिंग मशीन लागतं, ते घरी होत नाही. आणि नोझलच्या अलीकडच्या वाटेतली घाण तशीच ठेवून नवे नोझल बसवले तर ते पण त्याच वाटेनं जाणार.

खाली लिहिलंय ते मुख्यतः जुन्या, मेकॅनिकल पंपाच्या गाड्यांसाठी आहे. कॉमन रेल गाडी (सगळ्या नोझलना एकाच दाबाखालच्या नळीतून, म्हणजे रेलमधून, डिझेल देणारी नवी गाडी) असेल तर तिच्यावर वेगळं लिहिलंय, ते वाचल्याशिवाय पान्याला हात लावू नका.

आधी धूर बघा

एकानं सेल्फ मारायचा, दुसऱ्यानं सायलेन्सरच्या तोंडाकडं बघायचं. सेल्फ चांगला फिरतोय पण धुराचा पत्ताच नाही, तर सिलिंडरमध्ये डिझेल पोचतच नाही. वाट कुठंतरी अडलीय, किंवा एअर घेतलीय (डिझेलच्या वाटेत हवा शिरलीय), किंवा पंप बंद करणारा सोलेनॉइड (विजेवर उघडणारा व्हॉल्व्ह) उघडत नाही. पांढरा धूर निघतोय पण इंजिन धरत नाही, तर डिझेल पोचतंय, पेट घेत नाही. मग हीटर प्लग (थंड सिलिंडर तापवणारा), कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला हवेचा दाब), टायमिंग (डिझेल फवारायची वेळ) किंवा डिझेलमधलं पाणी यांच्याकडं बघायचं.

चालत्या गाडीचं वेगळं. मांजरसुंब्याच्या घाटात गाडी उचलत नाही आणि सायलेन्सरमधून काळा लोट निघतोय, तर डिझेल भरपूर आहे, हवा कमी पडतेय. एअर फिल्टर काढून बघा. कापसाची गाडी भरणाऱ्यांनी तर आधी तोच बघायचा, कारण जिनिंगच्या आवारात उडणारी रुई फिल्टरवर थरच्या थर बसते. गाडी उचलत नाही आणि धूरही नाही, तर मात्र डिझेल कमी पोचतंय, आणि पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, त्याचा या लेखाशी संबंध नाही.

"काका, पंप गेला वाटतं," असं म्हणत जो येतो त्याला मी धुराचा रंग विचारतो. निम्मे जण सांगू शकत नाहीत, कारण कुणी मागं जाऊन बघितलेलंच नसतं.

टाकी

सगळ्यात सोपी गोष्ट आधी करा. गाडी दहा-पंधरा किलोमीटर नीट चालते, मग दम टाकते, थोडा वेळ उभी केली की परत चालते, अशी तक्रार असेल तर ती बंद पडल्या पडल्या टाकीचं झाकण उघडा. आत हवा ओढल्याचा 'सुस्स' आवाज आला तर दोष सापडला. डिझेल जसं कमी होतं तशी टाकीत हवा शिरायला पाहिजे. ते भोक धुळीनं बुजलं की आत पोकळी तयार होते आणि फीड पंपाला डिझेल ओढवत नाही. झाकणाचं भोक डिझेलनं धुवा, हवा मारा, झालं. हरवलेल्या झाकणाच्या जागी चिंधी आणि वर प्लॅस्टिकची पिशवी घट्ट बांधणाऱ्यांचंही हेच होतं.

आता पाणी. टाकी अर्धी रिकामी ठेवून गाडी रात्रभर उभी राहिली की आतल्या हवेतली वाफ थंड पत्र्यावर धरते आणि थेंब खाली जातात. पाणी डिझेलपेक्षा जड, त्यामुळं ते बुडाशीच बसतं आणि ओढणाऱ्या पाइपाचं तोंडही तिथंच असतं. पावसाळ्यात आणि थंडीत संध्याकाळी टाकी भरून गाडी उभी करा. शेतात ड्रममध्ये डिझेल ठेवत असाल तर ड्रम किंचित कलता ठेवा, बुडापासून चार बोटं वरूनच डिझेल काढा, आणि ड्रम हलवल्याबरोबर लगेच काढू नका, रात्रभर निवळू द्या. सोयाबीनच्या राशीच्या दिवसांत, मध्येच पाऊस येतो तेव्हा, पाण्याच्या सगळ्यात जास्त गाड्या माझ्याकडं येतात, आणि त्यातल्या बऱ्याच ड्रममधून भरलेल्या असतात.

टाकीच्या खाली ड्रेन बोल्ट असतो. गाडी रात्रभर सपाट जागी उभी राहिली असेल तर सकाळी न हलवता तो बोल्ट थोडा सैल करून पहिलं लिटरभर डिझेल काचेच्या बाटलीत घ्या. अर्धा तास ठेवा. पाणी असेल तर खाली वेगळी रेघ दिसेल. तपकिरी कण म्हणजे गंज. काळा, शेवाळासारखा चिकट गाळ म्हणजे पाणी आणि डिझेल यांच्या सीमेवर वाढणारे जंतू, मग टाकी उतरवून धुवावीच लागते. स्वस्तातलं म्हणून रस्त्याकडेला 'बायोडिझेल' नावानं जे काही मिळतं ते भरणाऱ्यांच्या टाक्यांतही मी चिकट गाळ बघितलाय. त्यात वाचलेल्या पैशांत पंपाचं काम निघत नाही, एवढंच सांगतो.

टाकी उतरवलीच तर ओढपाइपाच्या टोकाची जाळीही काढून धुवा. आणि हे नीट वाचा: टाकी फुटली म्हणून तिला घरी वेल्डिंग करू नका. रिकामी, धुतलेली, उन्हात वाळवलेली टाकीसुद्धा वेल्डिंगखाली फुटते, कारण पत्र्याच्या सांध्यांत अडकलेलं तेल गरम होऊन त्याची वाफ होते. पेट्रोलच्या टाकीला तर विचारूच नका. तसंच झाकण बंद टाकीत कंप्रेसरची हवा भरू नका. पाइप तुंबलाय का बघायचं असेल तर फीड पंपाकडचं टोक सोडवा, टाकीचं झाकण उघडा आणि पाइपातून उलटी, हलकी हवा मारा. टाकीत बुडबुडे वाजले की वाट मोकळी आहे.

एअर घेतली, पण कुठून?

या विषयात लोकांचा सगळ्यात जास्त गोंधळ होतो, म्हणून जरा सविस्तर.

टाकीपासून फीड पंपापर्यंतचा पाइप ओढीवर चालतो. तिथं सांधा सैल असेल तर डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. म्हणूनच "काका, एक थेंब गळत नाही, मग एअर कशी घेते?" हा प्रश्न पडतो. गळत नाही म्हणूनच सापडत नाही. फीड पंपाच्या पुढं, म्हणजे फिल्टर आणि पंपाकडं, डिझेल दाबाखाली असतं. तिथला सैल सांधा ओला दिसतो. पण ज्या गाड्यांना रोटरी पंप (एकाच फिरत्या भागातून सगळ्या सिलिंडरना डिझेल वाटणारा) आहे आणि हाताचा प्रायमर (हातानं दाबून लाइनमध्ये डिझेल भरायचा छोटा पंप) फिल्टरच्या डोक्यावर बसवलाय, त्यांच्यात बहुतेकदा वेगळा फीड पंप नसतो. तिथं फिल्टरसुद्धा ओढीच्या बाजूला येतो, आणि फिल्टरची रबरी रिंग पिळली गेली तरी एअर शिरते. आपल्या गाडीत प्रायमर कुठं आहे ते आधी बघून ठेवा.

एअरची ओळख अशी. गाडी सकाळी दोन सेल्फमध्ये सुरू होते, चार-पाच सेकंद चालते आणि बंद पडते. मग बराच वेळ सेल्फ मारावा लागतो. दिवसभर मात्र काही तक्रार नाही. रात्री पाइपातलं डिझेल मागं टाकीत उतरलेलं असतं. हवा शिरायला जागा आहे, किंवा फीड पंपाचे व्हॉल्व्ह उलटं डिझेल धरून ठेवत नाहीत.

शोधायचं कसं? पंपाला डिझेल देणाऱ्या नळीच्या जागी हातभर पारदर्शक पाइप लावा, क्लिपा घट्ट करा, इंजिन सुरू करा. सुरुवातीला बुडबुडे जातील, ते सोडून द्या. पाच मिनिटांनीही बुडबुड्यांची माळ चालूच असेल तर एअर येतेय. आता टाकीकडून एकेक सांध्याला जाड ग्रीस थापत या. ज्या सांध्यावर ग्रीस लावताच बुडबुडे थांबतात तो सांधा दोषी. पाइपाला मात्र फक्त वरून बघून पास करू नका. क्लिप सोडवून टोक वाकवा, चीर क्लिपखालीच असते. जुना रबरी पाइप कधी कधी बाहेरून धडधाकट आणि आतला थर सुटून वाट बुजवणारा निघतो. ओढ वाढली की तो आतल्या आत मिटतो. आणि प्रायमरचा दांडा वापरून झाल्यावर परत दाबून पिळायचा असतो, तो तसाच मोकळा राहिला तर तिथूनही एअर शिरते.

सांधा सापडत नसेल तर कॅनची परीक्षा घ्या. स्वच्छ पाच लिटरच्या कॅनमध्ये चांगलं डिझेल भरा, पंपापेक्षा जरा उंच जागी, सायलेन्सर आणि मॅनिफोल्डपासून लांब, पक्का बांधा. टाकीचा पाइप फीड पंपावरून सोडवून त्याचं तोंड बंद करा, आणि कॅनमधून नवा पाइप सरळ फीड पंपाला द्या. गाडी उभ्या जागी चालवा, रेस देऊन बघा. कॅनवर नीट चालली म्हणजे पंप आणि नोझल निर्दोष, दोष टाकी ते फीड पंप यांच्यात आहे. कॅनवरही तीच तक्रार राहिली तर पुढं सरका. रिटर्नचं (पंप आणि नोझलकडून उरून परत फिरणारं) डिझेल टाकीतच जात राहतं, त्यामुळं कॅन वाटतो त्यापेक्षा लवकर रिकामा होतो, लक्ष ठेवा. ही एकच परीक्षा नीट केली तर पंप विनाकारण उतरवायची वेळ सहसा येत नाही.

फीड पंपाच्या तोंडाशी बारीक जाळी असते, ती बऱ्याच जणांना माहीतच नसते. बेंजो बोल्ट (पाइप जोडणारा, आतून पोकळ बोल्ट) काढला की सापडते. तीही धुवा. प्रायमर मारताना हाताला दाब लागतच नसेल तर फीड पंपाच्या व्हॉल्व्हखाली कचरा आहे किंवा ते झिजलेत.

बेंजो बोल्टाचे तांब्याचे वायसर प्रत्येक वेळी नवे टाकावेत. रस्त्यात मिळाले नाहीत तर जुना वायसर लाल होईपर्यंत तापवून पाण्यात टाका, तांबं मऊ पडतं आणि परत बसतं. फिल्टर आणि फीड पंपाच्या लाइनला एवढं चालून जातं. नोझलखालच्या वायसरला मात्र ही युक्ती नको, तिथं नवाच.

फिल्टर बदलणे आणि एअर काढणे

गाडी सपाट जागी, न्यूट्रलला, चाकाला दगड लावून. इंजिन थंड. बिडीवाल्याला लांब पाठवा. शेजारी कोरड्या पावडरचा फायर एक्स्टिंग्विशर नाहीतर निदान दोन घमेली वाळू असू द्या. तेलाच्या आगीवर पाणी मारायचं नसतं.

फिल्टरला हात लावायच्या आधी त्याचं डोकं आणि आजूबाजूची धूळ डिझेलनं, ब्रशनं धुवून पुसून घ्या. ही पायरी सगळे गाळतात. धूळ आत पडली तर ती फिल्टरच्या पुढच्या बाजूला पडते, आणि पुढं पंपच आहे. पंपाच्या आतले भाग इतके जवळजवळ बसलेले असतात की त्यांच्यात वंगण म्हणून डिझेलचाच पातळ थर असतो. बारीक वाळू तिथं गेली की चरे पडलेच. पाण्यानं हा थर तुटतो आणि वर गंज चढतो. डिझेलमध्ये रॉकेल मिसळणाऱ्यांचे पंप लवकर जायचे तेही यामुळंच.

जुन्या गाड्यांना दोन वाट्यांचे जोड फिल्टर असतात, त्यात कागदाचा एलिमेंट धुवून परत बसवायचा नसतो. धुतल्यावर तो स्वच्छ दिसतो, पण छिद्रं फाटलेली असतात. रबरी रिंगा नव्या टाका, जुन्या रिंगेचा तुकडा खाचेत राहिला नाही ना हे बोटानं चाचपा. फिरवून बसवायचा फिल्टर असेल तर रिंगेला डिझेल लावा, हातानं टेकेपर्यंत फिरवा आणि मग डब्यावर लिहिलंय तेवढंच आवळा, बहुतेक वेळा ते अर्धा ते पाऊण फेरा असतं. साखळी पाना लावून आवळला तर रिंग पिळते, आणि पुढच्या वेळी फिल्टर निघता निघत नाही.

नवा फिल्टर आधी डिझेलनं भरून बसवायची सवय सोडा. मधल्या मोठ्या भोकातून ओतलेलं डिझेल न गाळता थेट पंपात जातं. प्रायमर त्याचसाठी दिलाय.

एअर काढायचा क्रम असा. फिल्टरच्या डोक्यावरचा एअर स्क्रू दोन फेरे सैल करा, खाली चिंधी धरा, प्रायमर मारत राहा. आधी फेस येईल, मग फेस आणि डिझेल, मग बुडबुड्याविना सलग धार. प्रायमर मारता मारताच स्क्रू आवळा, थांबून आवळला तर परत हवा ओढली जाते. दोन वाट्या असतील तर टाकीकडची आधी, पंपाकडची नंतर. मग पंपावरचा एअर स्क्रू, तसाच. एवढ्यावर बहुतेक गाड्या सुरू होतात. नाही झाली तर नोझलकडच्या हाय प्रेशर पाइपांचे नट एक फेरा सैल करा, पाना साधारण १७ किंवा १९ चा लागतो. वर चिंधी टाका, तोंड आणि हात लांब ठेवा आणि सेल्फ मारा. नटांतून डिझेल उचक्यांसारखं यायला लागलं की एकेक आवळून टाका. सेल्फ एका वेळी दहा सेकंदांवर नको, मध्ये अर्धा मिनिट थांबा. डिझेलची एअर काढता काढता सेल्फ जाळून बसलेले लोक मला माहीत आहेत.

रोटरी पंपाच्या गाडीत एवढं करूनही डिझेल येत नसेल तर चावी ऑन-ऑफ करून पंपावरच्या सोलेनॉइडचा 'टक' आवाज ऐका. आवाज नसेल तर त्याच्या वायरला टेस्ट लॅम्प लावा. उंदरानं कुरतडलेली वायर आणि उडालेला फ्यूज यांनीही गाडी पंप गेल्यासारखीच वागते.

एक सिलिंडर मिसिंग करतोय का

इंजिन आयडलला ठेवून हाय प्रेशर पाइपाचा एकेक नट जरा सैल करायचा. ज्या सिलिंडरचा नट सैल केल्यावर इंजिनचा आवाज बदलतो, ठोका तुटतो, तो सिलिंडर काम करतोय. ज्याचा सैल करूनही काही फरक पडत नाही तो झोपलाय. त्याचा नोझल खराब आहे, किंवा त्याचं कॉम्प्रेशन गेलंय.

ही युक्ती फक्त जुन्या पंपाच्या गाडीसाठी, आणि तिथंसुद्धा नट चिंधीत गुंडाळून, डोळ्याला चष्मा लावून. जुने डायरेक्ट इंजेक्शनचे नोझल साधारण दोन-अडीचशे बारला उघडतात. ती बारीक धार कातडीतून आत शिरते. वरून टोचल्यासारखा ठिपका दिसतो, दुखत पण नाही, माणूस हात पुसून कामाला लागतो. आत मात्र डिझेल मांस सडवत पसरतं. असं झालं तर हळद, मलम करत बसू नका. त्याच तासाला सर्जन असलेल्या मोठ्या दवाखान्यात जा, बीडचं जिल्हा रुग्णालय, अंबाजोगाईचं मेडिकल किंवा संभाजीनगरची घाटी, जे जवळ असेल ते, आणि "हाय प्रेशर डिझेल आत गेलंय" हे शब्द डॉक्टरांना स्वतः सांगा. गळती शोधायला हात कधीच फिरवू नका, पुठ्ठा फिरवा.

नोझल काढून घरी उघडायचा प्रयत्न करू नका. त्याची सुई आणि बॉडी जोडीनं घासून बसवलेली असते, एकाची सुई दुसऱ्यात घातली की दोन्ही वाया. ओळीनं खुणा करून, तोंडावर स्वच्छ टोपण घालून दुकानात न्या.

कॉमन रेल असेल तर

वर सांगितलेलं नट सैल करण्याचं काम इथं एकदम बंद. रेलमध्ये १,६०० बारपर्यंत आणि काही इंजिनांत त्याहून जास्त दाब असतो. ट्रकच्या टायरात १०० पीएसआयच्या आसपास हवा असते. १,६०० बार म्हणजे २३,००० पीएसआय. इंजिन बंद केल्यावरही हा दाब लगेच उतरत नाही. रेल, तिचे पाइप आणि इंजेक्टर (इथले नोझल) यांना घरी पाना लावायचा नाही.

तुम्ही करू शकता ते एवढं. डॅशबोर्डवर पाण्याचा दिवा लागला तर त्याच दिवशी फिल्टरखालचा स्क्रू सैल करून पाणी काढा, उद्यावर ढकलू नका. फिल्टर चांगल्या प्रतीचाच घ्या, इथं स्वस्त फिल्टर सगळ्यात महाग पडतो. टाकीत इलेक्ट्रिक पंप असेल तर फिल्टर बदलल्यावर चावी चार-पाच वेळा ऑन करून काही सेकंद थांबा, लाइन आपोआप भरते. नसेल तर हाताचा प्रायमर असतोच. टाकीचं झाकण, ओढीकडचे पाइप, वायरींचे कपलर हेही तुमच्या हातातलं आहे.

आणि कुणी चारही इंजेक्टर बदला म्हणालं तर आधी विचारा, की प्रत्येक इंजेक्टरच्या रिटर्नला बाटली लावून बघितली का? सारख्या वेळात ज्याची बाटली बाकीच्यांपेक्षा खूप भरते तो इंजेक्टर आतून गळतोय. बहुतेकदा एखादाच निघतो.

१ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ डिझेल मिळतं, त्यात सल्फर जास्तीत जास्त १० पीपीएम, आधी ते ५० होतं. त्यामुळं डिझेल 'कोरडं' झालं, टाकीत टू-स्ट्रोक ऑइल टाका, असा सल्ला चहाच्या टपरीवर सर्रास मिळतो. डिझेलच्या सरकारी मानकात वंगणगुणाची अट आहे आणि रिफायनरीत त्यासाठी अॅडिटिव्ह मिसळतात. जुन्या गाडीत ऑइल टाकलं तर पैसे वाया, नव्या गाडीत टाकलं तर धूर गाळणारा डीपीएफ लवकर बुजणार. चुकून डिझेल गाडीत पेट्रोल किंवा डीईएफ (नव्या गाड्यांचा धूर स्वच्छ करायला वेगळ्या टाकीत भरायचं युरियाचं पाणी) भरलं गेलं तर चावी ऑनसुद्धा करू नका. ढकलत बाजूला घ्या आणि टाकी रिकामी करा.

पेट्रोलवाल्यांसाठी थोडंसं

इंजेक्शनच्या पेट्रोल गाडीत चावी ऑन केल्यावर मागच्या सीटखालून दोन सेकंद 'गूं' आवाज येतो, तो टाकीतला पंप. आवाज नसेल तर आधी फ्यूज आणि रिले बघा. टाकी कायम तळाला ठेवून फिरणाऱ्यांचे पंप लवकर जातात, कारण त्या पंपाला थंड ठेवण्याचं काम पेट्रोलच करतं. लाइन उघडण्याआधी पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, म्हणजे दाब उतरतो. मग बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. हे काम उघड्यावरच करा, शेडमध्ये नाही. पेट्रोलची वाफ जमिनीलगत सरकते आणि लांबचा दिवाही तिला पुरतो.

जुन्या कार्बुरेटरच्या गाड्यांच्या रबरी नळ्या मात्र बदलून टाका. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आपल्याच कारखान्यांच्या उसाचंही त्यात असतं. जुन्या रबराला ते मानवत नाही, नळी फुगते, चिरते. त्यात इथेनॉल पाणी शोषून घेतं, म्हणून महिनोन् महिने उभ्या गाडीत असं पेट्रोल ठेवू नका.

पंपवाल्याकडं जावंच लागलं तर

पंप उतरवण्याआधी पंपाची फ्लँज आणि इंजिनची बॉडी यांच्यावर एकाच रेषेत छिन्नीची खूण करा, नाहीतर टायमिंग परत बसवण्यात दिवस जाईल. पाइपांच्या उघड्या तोंडांत चिंधी कोंबू नका, धागे आत जातात. स्वच्छ प्लॅस्टिक गुंडाळून रबर लावा. दुकानात नोझल तुमच्यासमोर टेस्टरवर लावायला सांगा. फवारा धुक्यासारखा बारीक पडला पाहिजे, टोकाशी थेंब लोंबता कामा नये. "डिझेल थोडं वाढवून देतो, गाडी पळेल" असं कुणी म्हणालं तर नको म्हणा. गाडी पळते खरी, पण काळ्या धुरात डिझेल वाया जातं आणि लोडवर पिस्टन वितळायची वेळ येते. काम झाल्यावर पंपाच्या सेटिंग स्क्रूंना सील मारलंय का बघा.

आणि अॅव्हरेज लिहायची सवय लावा. एसटीत आम्ही दहा लिटरमागं किती किलोमीटर ते काढायचो, त्याला केपीटीएल म्हणतात. गाडीची तक्रार ड्रायव्हर सांगायच्या आधी केपीटीएल सांगतो. टाकी फुल ते टाकी फुल, किलोमीटर आणि लिटर, एवढंच वहीत लिहायचं. लोड आणि रस्ता तोच असून आकडा सलग खाली यायला लागला की फिल्टर, एअर फिल्टर, गळती या क्रमानं बघायला घ्या.

ऊसतोडीच्या टोळ्या घेऊन दसरा-दिवाळीच्या सुमारास कारखान्यांकडं निघणाऱ्यांनी गाडीत एक डबा ठेवावा. त्यात डिझेल फिल्टर आणि त्याच्या रिंगा, दोन मापांचे तांब्याचे वायसर, मीटरभर डिझेलचा रबरी पाइप, हातभर पारदर्शक पाइप, सहा क्लिपा, टाकीचं जादा झाकण, टेस्ट लॅम्प, चष्मा आणि पुठ्ठा. ट्रॅक्टरचा आणि ट्रकचा फिल्टर वेगळा असतो, दोन्ही चालत असतील तर दोन्ही घ्या आणि डब्यावर गाडीचा नंबर टाका. फडावर रात्री दोनला घाईत चुकीचा फिल्टर उघडला की तो परत पाकिटात जात नाही.